गोळ्यावरचा नकाशा

मित्रांनो, जुन्या जीपमध्ये कधी बसला असाल, तर तुम्ही मला पाहिलं असणार. पाहिलं म्हणजे नजर गेली असेल इतकंच, कारण माझ्याकडे कोणी बघत बसत नाही. मला धरतात. चालकाच्या डाव्या हाताशी जो लोखंडी दांडा उभा असतो, त्याच्या टोकावरचा काळा गोळा म्हणजे मी. दुकानदार मला 'नॉब' म्हणतात, मेकॅनिक 'गिअरचा गोळा' म्हणतात आणि घाटनांदूरला चन्नप्पांच्या घरी मला नुसतं 'गोळा' म्हणतात. माझ्या वयाचे बाकीचे गोळे केव्हाच भंगारात गेले.

माझा स्वभाव पहिल्यापासून चौकस. कारखान्यात मला दांड्यावर पिळून बसवलं, तेव्हापासून दोन प्रश्नांनी माझी पाठ सोडलेली नाही. पहिला प्रश्न असा, की माझ्याखालचा हा दांडा जातो तरी कुठे? मला इकडे हलवलं की पोटाखाली कुठेतरी 'खटक्' असा आवाज होतो आणि अख्खी जीप पुढे निघते. तिथे कोण बसलंय? दुसरा प्रश्न त्याहून मोठा. मी बाहेरून काळा आणि गुळगुळीत आहे हे मला ठाऊक होतं, पण माझ्या आत काय आहे? दांड्याचं टोक माझ्या पोटात कशाला धरून उभं आहे? स्वतःचं पोट उघडून कोणाला बघता येतं? म्हणून गप्प होतो.

चन्नप्पांचं भांड्यांचं दुकान. गावात त्यांना लहानथोर सगळे आप्पा म्हणतात, मीही तसंच म्हणतो. आप्पा जीपमध्ये हंडे, कळशा, पराती भरायचे आणि आठवड्याच्या बाजारांना निघायचे. आज अंबाजोगाई, उद्या परळी, परवा आणखी कुठे. मी सगळे रस्ते आप्पांच्या तळहातावरून ओळखायचो. हात कोरडा असला की रस्ता सरळ आहे. हाताला घाम आला की समोर घाट आहे, नाहीतर समोरून उसाचे ट्रॅक्टर येताहेत. आणि हात माझ्यावर नुसता टेकवून बोटांनी ताल धरला, की समजावं बाजार चांगला झाला.

माझ्या डोक्यावर गिअरचा नकाशा कोरलेला होता. आमच्या जीपची तऱ्हा जरा न्यारी आहे. आजकालच्या गाड्यांत दांडा डावीकडे घेऊन वर ढकलला की पहिला गिअर पडतो. आमच्या जीपमध्ये त्या जागी रिव्हर्स आहे आणि पहिला आहे त्याच्या बरोबर खाली. गिअरही तीनच. हे सगळं माझ्या डोक्यावर लिहिलेलं होतं आणि आप्पा त्यावरूनच गाडी शिकले. त्या रेघांतला पांढरा रंग लवकरच उडाला, पण माझं काही अडलं नाही. दर दसऱ्याला गाडीची पूजा व्हायची. घरच्या रीतीप्रमाणे आप्पांची सून शिवकांता माझ्या डोक्यावर विभूतीची तीन बोटं ओढायची. ती विभूती रेघांत जाऊन बसायची आणि नकाशा पुन्हा वर्षभर पांढरा दिसायचा. मला उगाचच वाटायचं, की पूजा जीपची नाही, माझीच चालली आहे.

दर कार्तिकी पौर्णिमेला आप्पा जीप घेऊन कपिलधारला जायचे, मन्मथस्वामींच्या यात्रेला. मग त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला. आधी बाजू दिसेनाशा झाल्या, मग समोरचं. जीप दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली ती राहिलीच. आप्पा मात्र रोज संध्याकाळी काठी टेकत यायचे, चालकाच्या जागेवर बसायचे आणि बंद जीपचे गिअर बदलायचे. पहिला, दुसरा, तिसरा. मधेच तोंडाने म्हणायचे, "आता केज आलं." मला हसू यायचं आणि वाईटही वाटायचं. पण मीही मनातल्या मनात केजला जाऊन यायचो.

आप्पांचा मुलगा केदारनाथ दुकान बघतो. शेडमधली जीप त्याला अडगळ वाटायची. बीडच्या एका हौशी वकिलांना जुन्या गाड्यांचा नाद आहे, त्यांना जीप विकायला त्याने जवळजवळ होकार देऊन टाकला होता. त्या दिवशी त्याची मुलगी शिवांजली शेडमध्येच त्याच्यासमोर उभी राहिली. ती अंबाजोगाईला कॉलेजात शिकते, तिथल्याच मोटार स्कूलमध्ये गाडी शिकली आहे.

"पप्पा, जीप देऊ नका. मी चालवते. ह्या कार्तिकाला आप्पांना मी कपिलधारला नेते."

"तू? ही काय मोटार स्कूलची गाडी हाय का? लई आडमुठी जीप हाय ही."

"एकदा बघा तर खरं."

केदारनाथने थोडा विचार केला. मग म्हणाला, "दसऱ्याला पूजा झाली की लिंबावरनं काढून दाखव. सरळ रस्त्यावर नेलीस तर ऱ्हाईल जीप. न्हाई जमलं तर मंग माझ्या नावानं वरडू नगंस."

आप्पा पलीकडे खाटेवर बसून ऐकत होते. संध्याकाळी माझ्यावर हात ठेवला तेव्हा त्यांची बोटं ताल धरत होती. किती दिवसांनी!

आणि नेमकी तेव्हाच माझी साडेसाती सुरू झाली. दसऱ्याचा माल आला आणि शेड भांड्यांनी भरून गेली. आप्पांना जीपपर्यंत यायला वाट राहिली नाही. उतरंडीवरचा एक पितळी हंडा घसरला आणि थेट माझ्या डोक्यावर आला. मी तडकलो. माझा एक टवका उडून कुठेतरी गेला आणि त्याच्याबरोबर अर्धा नकाशाही गेला.

"आप्पांना सांगू नका," शिवकांता म्हणाली. "जिवाला लागंल त्यांच्या."

केदारनाथ तसा वाईट माणूस नाही. तो बीडला गेला होताच, येताना त्याने नवा गोळा आणला. चकचकीत, आरशासारखा, तोंड दिसेल असा. दसऱ्याच्या सकाळी त्याने मला काढून समोरच्या खणात ठेवलं आणि त्याला बसवायला घेतलं. तो बसेना. जुन्या जीपच्या दांड्याच्या पिळाचे आटे इंचातले आणि बाजारातल्या गोळ्यांचे मिलिमीटरमधले, हे केदारनाथच्या गावीही नव्हतं. शेवटी त्याने दांड्याच्या आट्यांवर दोरा गुंडाळला आणि गोळा दाबून फिरवला. बसला एकदाचा, पण डुलत होता. मी खणातून डोकावून त्याच्या डोक्याकडे पाहिलं. त्याच्यावर पाच गिअर लिहिले होते! आमच्या जीपला तीनच. उरलेले दोन हा कुठून आणणार होता कोण जाणे. आणि डावीकडे वर, जिथे आमचा रिव्हर्स, तिथे ऐटीत लिहिलेलं होतं: एक.

मी जितकं ओरडता येईल तितकं ओरडलो. गोळ्याचं ओरडणं कोणाला ऐकू जातं?

पूजा झाली. चाकांखाली लिंबं ठेवली. आप्पा डावीकडच्या जागेवर बसले, पूजेचं ताम्हन मांडीवर दोन्ही हातांनी धरून. शिवांजली चालकाच्या जागेवर. मेकॅनिकने जीप आदल्या दिवशीच चालू करून दिली होती, इंजिन छान घुमत होतं.

"आप्पा, पहिला कुठं हाय हिचा?"

आप्पांना काय ठाऊक, की खाली काय बदललंय? ते मोठ्या विश्वासाने म्हणाले, "गोळ्यावर बघ अन् तसा टाक. मी बी तेच बघून शिकलो. गोळा कदी खोटं बोलत न्हाई."

तिने गोळ्यावर बघितलं आणि तसाच टाकला.

जीप मागे गेली, आणि चांगलीच जोरात गेली. मागे दसऱ्याच्या मालाच्या उतरंडी होत्या. मित्रांनो, तो आवाज मी जन्मात विसरणार नाही. हंडे, पराती, डबे, सगळं एकमेकांवर कोसळलं. एक परात गडगडत रस्त्यापर्यंत गेली. शेजारपाजारचे धावत आले. कोणाला लागलं नाही हे नशीब. पुढच्या चाकांसमोर लिंबं मात्र तशीच्या तशी, पिवळीधमक.

शिवकांताने तोंडावर पदर धरला. "दसऱ्याच्या दिवशी गाडी मागं गेली. लिंबू बी फुटलं न्हाई. काय समजायचं माणसानं?"

"समजायचं काय त्यात?" केदारनाथ भांडी उचलता उचलता म्हणाला. "दिवाळी झाली की वकीलसायबांना बोलवून घेतो."

शिवांजली रडत होती. "आप्पा, गोळ्यावर होतं तसंच टाकलं मी. देवाशप्पत."

आप्पांनी ताम्हन बाजूला ठेवलं आणि हात पुढे केला. त्यांची बोटं त्या चकचकीत गोळ्यावरून फिरली, थांबली, पुन्हा फिरली. "हा कोणचा?" त्यांनी विचारलं. "हा माझा गोळा न्हाई." शिवांजलीने मला खणातून काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी माझा तुटलेला भाग अंगठ्याने चाचपला. मला वाटलं आता रागावतील. पण ते केदारनाथला एवढंच म्हणाले, "लेकरू चुकलं न्हाई, केदार. मी पण न्हाई. तू गाडीला दुसऱ्याच गाडीचं डोकं लावलंस. कार्तिकी पुनवेपर्यंत थांब. आदी गोळा नीट बसवू, मंग जीप पुढं जाती का मागं ते बघ."

केदारनाथ खाली बघत म्हणाला, "मला काय म्हाईत? चकचकीत दिसला म्हणून आणला. त्याच्यावरचं कोण वाचतंय." पण पौर्णिमेपर्यंत थांबायला तो कबूल झाला.

मग गोळ्यांचा शोध सुरू झाला. काय सांगू तुम्हाला, माझी जागा घ्यायला कोण कोण येतंय हे बघायची मलाच जास्त उत्सुकता! गेवराईकडे हमरस्त्यावर ट्रकच्या शोभेच्या वस्तू मिळतात, तिथून एक काचेचा गोळा आला. त्याच्या पोटात चक्क विंचू होता. त्याला स्वतःच्या पोटात काय आहे ते सगळ्या जगाला दाखवता येत होतं, याचा मला थोडा हेवाही वाटला. एक प्लॅस्टिकचा आला, हलका, टिचकी मारली तर उडेल असा. शिवांजलीने सगळे गोळे दुपारच्या उन्हात ओट्यावर ओळीने मांडले. मलाही मांडलं.

"हा काय बाजार मांडलाय?" शिवकांताने विचारलं.

"जीप उन्हात उभी राहणार. कोणचा किती तापतो ते बघते." मग तिने आप्पांना हाताला धरून आणलं. "आता तुमी सांगा."

आप्पांनी चकचकीत गोळ्यावर हात ठेवला आणि लगेच झटकला. "आरं, तवा हाय का हा?" काचेचा उचलून बघितला. "लई जड. खड्ड्यात गाडी उडली की दांडा ह्याच्याच वजनानं गिअरमधून निसटंल." प्लॅस्टिकचा गोळा त्यांनी टिचकीने बाजूला सारला. माझ्यावर आले, अंगठा तुटक्या कडेवर गेला, आणि तिथे थोडा वेळ थांबले. मग हात ओट्यावरून पुढे सरकला आणि तिथे पडलेल्या एका मोडक्या मुसळावर गेला. शिवकांताचं मिरच्या कुटायचं मुसळ होतं ते, बाभळीचं, मधोमध मोडलेलं.

"हे कोणचं? हे बरं लागतंय हाताला. तापलं बी न्हाई."

"आप्पा, ते मुसळ हाय," शिवांजली हसली.

"मुसळ काय जीपला लावता?" शिवकांता म्हणाली. पण तिनेही मुसळ हातात घेतलं. त्याचा जाड भाग वर्षानुवर्षांच्या हातांनी इतका गुळगुळीत झाला होता, की त्यात मला माझाच कोणी भाऊबंद दिसला. तिने त्यावरून हात फिरवला. मग ते शिवांजलीच्या हातात देत म्हणाली, "घे. माझ्या माहेरचं हाय. वाया घालवू नगंस."

गावात आश्रुबा आहेत, लाटणी-पोळपाट कातून देतात. आप्पा, शिवांजली, मुसळ आणि मी, असे आम्ही सगळे त्यांच्याकडे गेलो. मुसळाचा तुकडा यंत्रावर फिरायला लागला, भुसा उडाला आणि बघता बघता त्याचा गोळा झाला. माझ्याच मापाचा, कारण आप्पा मला डाव्या हातात धरून त्याला उजव्या हाताने सारखे चाचपत होते. "आणखी थोडा काढ, आश्रुबा. हां. आता बास."

पण अडचण पुढेच होती. "लाकडात आटे पाडून भागायचं न्हाई," आश्रुबा म्हणाले. "चार दिसांत मोकळे होतील. आत काय तरी धातूचं पायजे, तुमच्या जीपच्या आट्याचं."

"तसलं आता कुठं मिळंल?" आप्पांनी विचारलं.

कोणालाच ठाऊक नव्हतं. शिवांजलीने मला हातात घेतलं, उलटं केलं आणि मोबाइलचा उजेड माझ्या पोटात टाकला. इतकी वर्षं जो प्रश्न मी स्वतःला विचारत होतो, तो आज दुसरं कोणीतरी विचारत होतं. ती ओरडलीच. "आप्पा! ह्याच्या आत पितळ हाय. आट्यासकट!"

पण ते पितळ बाहेर काढायचं तर मला फोडावं लागणार होतं.

खरं सांगतो मित्रांनो, मला भीती वाटली. चौकसपणा असला म्हणून काय झालं, आपल्या पोटात काय आहे हे कळायला आपणच फुटायचं, हा सौदा कोणाला आवडेल? आप्पांनी मला मुठीत घेतलं. घामाने ओला झाला होता त्यांचा हात, घाट लागल्यासारखा. ते म्हणाले, "ह्यानं मला कदी दगा दिला न्हाई." मग मूठ उघडली. "फोड आश्रुबा. पर जपून."

हातोडी पडली आणि मी फुटलो. काळे तुकडे आश्रुबांच्या फळीवर विखुरले. आणि मी त्यांच्याकडे बघत होतो!

मी होतोच की! मी कुठेही गेलो नव्हतो. फळीवर, त्या काळ्या कचऱ्याच्या मधोमध, पितळेचा एक लहानसा तुकडा पडला होता, बाहेरून खरबरीत आणि आतून आट्यांचा. तो मीच होतो. दांड्याला इतकी वर्षं घट्ट धरून बसलेला मी, आणि तो काळा गोळा म्हणजे माझ्या अंगातला सदरा. मला इतका आनंद झाला, की रडावं का हसावं कळेना.

नकाशाचं काम शिवांजलीने केलं. आप्पा नव्या गोळ्यावर बोटाने रेघ ओढायचे आणि ती तापलेल्या सळईने त्याच रेघेवर डाग द्यायची. आकडे कोरायला लागली तेव्हा आप्पांनी तिला थांबवलं. "आकडे मला कुठं दिसतेत? ठिपके दे. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन. अन् रिव्हर्सला चांगली खोल फुली मार, पुन्हा कोणी फसायला नगं." मग आश्रुबांनी लाकडाच्या पोटात वितळलेली लाख ओतली आणि मला तिच्यात दाबलं. तेवढं शेवटचं बघितलं मी. त्यानंतर अंधार.

आता जे सांगतो ते मला दिसलेलं नाही, फक्त जाणवलेलं आहे.

कार्तिकी पौर्णिमेची सकाळ. मला दांड्यावर फिरवलं, आणि काय सांगू, दोरा नको की काही नको. माझे आटे त्या आट्यांना असे भेटले, की दोघांनाही ओळख पटली. वरून शिवकांताची बोटं फिरली, तीन वेळा. तिने विभूती रेघांत चोळली. "आता दिसायला लागलं बघा पांढरं," ती म्हणाली. मग लिंबं ठेवली. केदारनाथ आणि ती मागे बसले. केदारनाथने शेडमधली भांडी आधीच हलवली होती, ते मला त्याच्याच बोलण्यातून कळलं, आणि आप्पा मोठ्याने हसले.

शिवांजलीचा तळहात माझ्यावर आला. त्याच्यावर आप्पांचा हात आला. दोघांची बोटं मिळून ठिपका शोधायला लागली. फुली लागली, ती सोडली. तिच्याखाली एक ठिपका लागला.

"हाच," आप्पा म्हणाले. "गोळा खोटं बोलत न्हाई."

खटक् झालं. आणि मग मी तो आवाज ऐकला, आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला. फच्च. फच्च. लिंबं फुटली. जीप रस्त्यावर आली आणि शिवकांता मागून एवढ्या जोरात "हर हर महादेव" म्हणाली, की शेजारची कुत्री भुंकायला लागली.

केज गेलं, मांजरसुंबा आलं. कपिलधारच्या वळणांवर चढ लागला आणि इंजिन दमल्यासारखं घुमायला लागलं. शिवांजलीने क्लच दाबला, पण माझ्यावर हात ठेवला नाही. म्हणाली, "आप्पा, तुमी टाका."

मग तो जुना हात आला. मला पूर्ण मुठीत घेतलं, अंगठ्याने दोन ठिपके शोधले आणि दुसरा टाकला. जीपने दम घेतला आणि चढ चढायला लागली. आप्पांची बोटं माझ्यावर ताल धरत होती. मागून केदारनाथचा आवाज आला. "वकीलसायबांना मी न्हाई म्हणून कळवतो."

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. जुन्या वस्तूच्या जागी नवी आणायची असेल तर जरूर आणा, मी कोणाच्या आड येणार नाही. पण आणण्याआधी ती ज्याच्या हातात जायची आहे, त्याच्या हाताला एकदा विचारा. आणि जुनी फेकण्याआधी तिच्या पोटात डोकावून बघा. तिथे अजून कोणीतरी घट्ट धरून बसलेलं असतं.

दांडा खाली कुठे जातो, ते मला अजून कळलेलं नाही. विचारत असतो. आता मला बाहेरचं काही दिसत नाही. आप्पांनाही दिसत नाही. पण संध्याकाळी ते येतात, माझ्यावर हात ठेवतात, आणि आम्हा दोघांनाही सगळा रस्ता ठाऊक असतो.